स्विंग संथ आहे? महिला खेळाडूसाठी हायब्रिड गोल्फ क्लब निवडताना नेमकं काय बघायचं



आजचा विषय मोबाईलचा नाही, गोल्फचा आहे. पण लेखाच्या मध्यावर मोबाईल लागणारच आहे, तेव्हा लगेच पळून जाऊ नका.

माझी मावशी वयाच्या ५४ व्या वर्षी गोल्फ खेळायला लागली. काका फौजेतून निवृत्त, त्यामुळे आर्मीच्या कोर्सवर सकाळी जायची सोय आहे. लांबच्या आयर्नने तिचा चेंडू जमिनीवरून उठतच नव्हता, म्हणून एका दुकानदाराने तिला ३, ४ आणि ५ नंबरचे हायब्रिड दिले. गुलाबी ग्रिप, वर 'लेडीज' असा शिक्का. झालं काय, तर तिन्ही क्लबने चेंडू १०० यार्डांच्या आसपासच पडायचा. तिन्हींनी! चार महिने ती स्वतःलाच दोष देत होती. "अरे, माझ्या हातात जोरच नाही, वय झालं आता," म्हणत तिने बॅग माळ्यावर टाकायची तयारी केली होती. पण गडबड तिच्या हातात नव्हती, खरेदीत होती.

हायब्रिड म्हणजे काय?

गोल्फच्या बॅगेत (बोलताना आपण सगळे 'स्टिक'च म्हणतो) ढोबळमानाने दोन घराणी असतात: पातळ धातूच्या पात्यासारखे आयर्न आणि फुगीर पोकळ डोक्याचे वुड. हायब्रिड या दोघांच्या मधला. डोकं वुडसारखं पोकळ पण लहान, आणि दांड्याची लांबी आयर्नच्या जवळपास. डोकं मागे पसरलेलं असल्यामुळे वजन खाली आणि मागे ठेवता येतं, म्हणजे गुरुत्वमध्य खाली जातो आणि चेंडू सहज वर उठतो. फटका मधोमध बसला नाही तरी डोकं कमी वळतं. कल्पना जुनी आहे. कोब्रा कंपनीचा 'बॅफलर' १९७५ मध्ये आला होता, पण हायब्रिड घराघरांत, म्हणजे बॅगाबॅगांत, पोहोचला तो २००० नंतर.

आणि हा काही नवशिक्यांचा खेळणा नाही. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये कोरियाच्या वाय. ई. यांगने शेवटच्या होलवर २०० यार्डांहून लांबून हायब्रिडनेच मारून टायगर वुड्सला हरवलं. आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा ड्रायव्हरच्या लांबीत ती शेवटच्या काही जणींमध्ये होती. लांबी कमी असेल तर पुढचा फटका लांबून घ्यावा लागतो, आणि तिथेच हायब्रिड आणि वुड कामाला येतात.

मग मावशीचे तिन्ही क्लब एकाच जागी का पडत होते?

हा लेखाचा गाभा आहे, जरा सावकाश वाचा.

क्लबच्या चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन म्हणजे लॉफ्ट. पुस्तकी नियम असा की लॉफ्ट कमी तर चेंडू लांब. पण यात एक अट लपलेली आहे, ती म्हणजे वेग. चेंडू हवेत नुसत्या धक्क्याने टिकत नाही. त्याला उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन, मिळते आणि त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते. ही उचल साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की उचल जवळपास चौथाई! त्यामुळे संथ स्विंगमध्ये १९ अंशांच्या क्लबने मारलेला चेंडू जेमतेम वर जातो आणि दगडासारखा खाली येतो. २५ अंशांचा क्लब त्याला जास्त वेळ हवेत ठेवतो, म्हणून तो तेवढाच, कधी कधी जास्तच लांब जातो.

अंदाज येण्यासाठी आकडे बघा. ट्रॅकमॅन कंपनीच्या प्रसिद्ध आकड्यांनुसार पीजीए टूरवर ड्रायव्हरच्या डोक्याचा सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या आसपास, एलपीजीए टूरवर सुमारे ९४. हौशी, उशिरा सुरुवात केलेल्या बायकांचा वेग ६० ते ७० मध्ये असणं अगदी सामान्य आहे. हायब्रिडचा दांडा आखूड, त्यामुळे त्याचा वेग आणखी दहा टक्क्यांच्या आसपास कमी धरा. म्हणजे टीव्हीवर बघून किंवा व्यावसायिक खेळाडूची बॅग बघून आपली यादी बनवली की फसलोच.

नंबरवर विश्वास ठेवू नका

फोन घेताना फक्त मेगापिक्सेल बघणारे लोक आठवतात ना? हायब्रिडवरचा नंबर तसाच आहे. त्याला कुठलंही सर्वमान्य माप नाही. पिंगच्या जी४३० मध्ये ६ नंबरचा हायब्रिड ३० अंशांचा आहे. टेलरमेडच्या सिम२ मॅक्समध्ये ६ नंबर म्हणजे २८ अंश. म्हणून दुकानात "५ नंबर दाखवा" असं न म्हणता "२६ अंशांच्या आसपासचा दाखवा" म्हणा. अंश बऱ्याचदा डोक्याच्या तळाशी किंवा दांड्याजवळ कोरलेले असतात, नाहीतर कंपनीच्या वेबसाईटवर त्या मॉडेलच्या माहितीत मिळतात.

'लेडीज' शिक्क्याचंही तेच. त्याचा अर्थ साधारण एवढाच की दांडा पुरुषांच्या क्लबपेक्षा इंचभर आखूड, हलका आणि मऊ आहे, ग्रिप बारीक आहे. पाच फूट आठ इंच उंचीच्या मुलीला तो आखूड पडू शकतो. उलट संथ स्विंगच्या आजोबांना तोच दांडा मस्त जमेल, फक्त गुलाबी रंगाला त्यांची तयारी हवी.

वेग मोजायचा कसा? खिशातल्या फोनने

लॉन्च मॉनिटर असलेल्या ठिकाणी फिटिंग करून घेता आलं तर उत्तमच. नाहीतर हा जुगाड करा.

जमिनीवर बरोबर १ मीटर अंतरावर दोन टी लावा, क्लब त्यांच्या रेषेवरून जाईल अशा. फोन स्टँडवर, खेळाडूच्या समोर तीन-चार मीटर लांब, जमिनीजवळ आणि त्या रेषेला काटकोनात ठेवा. स्विंगच्या रेषेत, म्हणजे चेंडू जातो त्या दिशेला, कधीच नको. क्लब सुटला तर फोनही जाईल आणि डोकंही. भर उन्हात २४० एफपीएसवर स्लो मोशन रेकॉर्ड करा, चेंडू न ठेवता. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून पहिल्या टीपासून दुसऱ्या टीपर्यंत जायला किती फ्रेम लागल्या ते मोजा.

५३७ भागिले फ्रेमची संख्या, बस्स. उत्तर ताशी मैलांत येतं. ८ फ्रेम लागल्या तर ६७, ९ लागल्या तर जवळपास ६०, १० लागल्या तर ५४. एका फ्रेमची चूक म्हणजे सहा-सात मैलांचा फरक, म्हणून पाच-सहा स्विंगची सरासरी काढा. एक धोका आहे: काही फोन खऱ्या फ्रेम न टिपता मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवतात. क्लबचं डोकं लागोपाठच्या फ्रेममध्ये जागचं हलत नसेल किंवा भुतासारखं दुहेरी दिसत असेल, तर तो व्हिडिओ मोजमापाला निरुपयोगी. दुसरा फोन घ्या.

मावशीच्या हायब्रिडचा वेग ६० च्या आसपास निघाला.

किती अंशांचा घ्यायचा?

सुरुवात हायब्रिडपासून नाही, आयर्नपासून करा. बॅगेतला असा सगळ्यात लांब आयर्न शोधा जो तिच्याकडून दहापैकी सात वेळा हवेत नीट जातो. त्याचा लॉफ्ट बघा आणि त्यापेक्षा पाच-सहा अंश कमी लॉफ्टचा हायब्रिड घ्या. जोरात मारणाऱ्यांना तीन-चार अंशांचं अंतर पुरतं, पण संथ स्विंगमध्ये तेवढ्या फरकाने लांबी बदलतच नाही. त्यामुळे क्लब कमी आणि अंतर जास्त. नियमानुसार १४ क्लब नेता येतात, पण ती कमाल मर्यादा आहे, टार्गेट नाही.

माझा ठोकताळा असा: हायब्रिडचा वेग ६० च्या आसपास असेल तर २५-२६ अंशांपेक्षा कमी लॉफ्टचा हायब्रिड घेऊ नका. ७० च्या पुढे असेल तर २२ अंशांचा मारून बघायला हरकत नाही. त्याहून लांबीसाठी ७ किंवा ९ नंबरचा फेअरवे वुड बघा. ते साधारण २१ आणि २४ अंशांचे असतात, डोकं मोठं, दांडा लांब, आणि तेवढ्याच लॉफ्टला हायब्रिडपेक्षा चेंडू उंच नेतात. हायब्रिडबद्दलच्या लेखात वुडची शिफारस विचित्र वाटेल, पण संथ स्विंगसाठी बऱ्याचदा हेच खरं उत्तर असतं. दाट गवतातून मात्र लहान डोक्याचा हायब्रिड जास्त सहज निघतो.

पावसाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. मे महिन्यात पुण्याच्या टणक जमिनीवर खुरटा फटकाही घरंगळत वीस-तीस यार्ड जातो. जुलैत ओल्या फेअरवेवर तो जिथे पडतो तिथेच रुततो, म्हणजे हवेत जेवढं अंतर कापलं तेवढंच तुमचं.

दांडा

दांडा ग्रॅफाइटचाच. स्टीलचा दांडा ९० ग्रॅमच्या पुढे जातो, ग्रॅफाइटचा ५० ग्रॅमच्या आसपास मिळतो. त्यावरच्या एल, ए, आर या खुणा लवचीकपणा दाखवतात. एल सगळ्यात मऊ, मग ए, मग आर. इथेही सर्व कंपन्यांचं समान माप नाही, एकाचा ए दुसऱ्याच्या एलसारखा लागू शकतो. ६० च्या वेगाला एल किंवा ए दोन्ही हातात घेऊन किमान दहा-दहा चेंडू मारा. सगळ्यात लांब गेलेला एक फटका मोजू नका, दहांची सरासरी बघा. मॉनिटर असेल तर चेंडू खाली उतरतानाचा कोनही विचारा. तो साधारण ४० अंशांच्या आसपास तरी हवा, नाहीतर ग्रीनवर पडलेला चेंडू थांबत नाही.

नव्या ब्रँडेड क्लबची किंमत सहज पाच आकडी जाते, त्यामुळे जुना घेणं शहाणपणाचं. फक्त दांडा मूळचाच आहे का ते विचारा, कारण कापून आखूड केलेला दांडा जास्त कडक लागतो. डोकं आणि दांड्याच्या जोडाजवळ बारीक तडा नाही ना, हे फोनची टॉर्च लावून तपासा.

मावशीचे तिन्ही हायब्रिड काकांच्या एका मित्राने घेतले. तिचा भरवशाचा आयर्न ८ नंबरचा, ३५ अंशांचा. त्याच्या वर आता ३० अंशांचा एकच हायब्रिड आहे आणि २४ अंशांचा ९ नंबरचा वुड. हायब्रिड शंभराच्या जरा अलीकडे पडतो, वुड ११५ च्या आसपास. परवा तिचा फोन आला होता, आता तिला पटिंगसाठी ॲप हवंय.