म्यानातली तलवार

ब्रिटनमधील फायरबर्ड या प्रकाशनसंस्थेने १९८८ साली ‘सामुराई वॉरियर : द बॅटल्स ऑफ उसागी योजिंबो’ हा खेळ घरगुती संगणकांसाठी विक्रीस आणला, तेव्हा त्यातील नायकाला एक जुनी आणि प्रतिष्ठित वंशपरंपरा लाभलेली होती. क्योटोत जन्मलेले व हवाईत वाढलेले चित्रकथाकार स्टॅन साकाई हे मियामोतो मुसाशी या विख्यात खड्गधराच्या जीवनावर चित्रमालिका रचण्याच्या विचारात असता त्यांच्या हातून सहज एक ससा रेखाटला गेला, आणि त्याचे लांब कान सामुराईच्या केशबंधाप्रमाणे मस्तकावर बांधलेले पाहताच मुसाशीचा उसागी झाला. १९८४ साली छापून आलेला हा धनी नसलेला, मुलूखभर फिरणारा योद्धा शस्त्रनिपुण खरा, परंतु त्याचे मोठेपण त्याच्या संयमात होते.

हा संयम खेळात उतरवायचा कसा? हा खेळ घडविणाऱ्या मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने १९८५ च्या ‘द वे ऑफ द एक्स्प्लोडिंग फिस्ट’मध्ये कराटेचे नानाविध डावपेच जॉयस्टिकच्या आठ दिशांना वळणाऱ्या दांडीवर आणि तिच्या एकुलत्या एका बटणावर बसवून दाखविले होते. उसागीसाठी त्यांनी त्याच दांडीला दोन अर्थ दिले : तलवार उपसलेली असता तिच्या हालचालींनी वार व बचाव व्हावा, आणि तलवार म्यानात असता वाटेने येणाऱ्यास वाकून अभिवादन करता यावे, गरिबास द्रव्य देता यावे. केवळ चौसष्ट किलोबाइट स्मृतीच्या कमोडोर ६४ वर नमस्काराला प्रहाराच्या पंक्तीस बसविणे ही, माझ्या मते, या खेळाच्या कर्त्यांची सर्वांत मौलिक कामगिरी होय.

पांडाकुळातील बालसरदार नोरियुकी याच्या सुटकेसाठी निघालेल्या उसागीला शेतकरी भेटतात, भिक्षू भेटतात, लुटारूही भेटतात; कोणापुढे नमावे आणि कोणावर शस्त्र धरावे याचा निवाडा खेळणाऱ्यानेच करावयाचा असतो. त्या निवाड्याचा जमाखर्च ‘कर्म’ या नावाने ठेवला जातो : दानाने व आदराने तो वाढतो, निरपराध रयतेच्या हत्येने घटतो. शिल्लक पार संपली, की शत्रूच्या घावाची वाट न पाहता उसागी स्वहस्ते प्राणत्याग करतो. शरीर धडधाकट असूनही केवळ अन्यायापायी डाव संपावा, हा दंडक त्या काळच्या मारामारीच्या खेळांत विरळाच होता, आणि साकाईंच्या सशाशी इमान राखणाराही तोच होता.