डागांसह पाठवलेली छायाचित्रे

आमच्या धर्मग्रामातील जुन्या घरांत ओटी ओलांडून आत गेले, की भिंतीवर एक ठरलेले छायाचित्र दिसते. ते असते प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचे. पांढरा झगा, हातात मेणबत्ती आणि रोझरी, आणि चेहरा असा नितळ, की कांजिण्यांचा एकही व्रण दिसू नये. स्टुडिओवाला निगेटिव्हवर बारीक टोकाची शिसपेन्सिल फिरवी, व्रण नाहीसा होई आणि आई समाधान पावे. त्यात कुणाला वावगे वाटत नसे. आम्हांसही वाटत नाही. परंतु चेहऱ्यांवर अशी पेन्सिल न फिरवता, डागांसह आणि रेघोट्यांसह आपली छायाचित्रे जाणत्यांपुढे ठेवणारी आणि त्यांचे गुणदोष विचारणारी एक हौशी स्त्री एकोणिसाव्या शतकात होऊन गेली. ती जन्मली आपल्याच देशात. तिची हकीकत आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

ज्युलिया मार्गारेट पॅटल यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते, तर आई फ्रेंच वंशाची. बालपणाचा बराचसा काळ फ्रान्समध्ये गेला. पुढे प्रकृतीस्वास्थ्यासाठी केप ऑफ गुड होप येथे गेल्या असता त्यांना दोन माणसे भेटली. एक, कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरन. १८३८ साली कलकत्त्यात त्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसरे, खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. छायाचित्र कायम टिकवण्यासाठी लागणाऱ्या 'हायपो' या रसायनाचा गुणधर्म हर्शेल यांनीच शोधला होता. ही नवी कला कशी दिसते याचे नमुने त्यांनी १८४२ साली कलकत्त्याला कॅमेरनबाईंकडे पाठवले. स्वतःच्या हाती कॅमेरा येण्यास मात्र त्यांना आणखी एकवीस वर्षे वाट पाहावी लागली.

१८६३ च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. मुले मोठी झालेली, पती सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांकडे गेलेले आणि आयल ऑफ वाइट या बेटावरील फ्रेशवॉटर गावातले घर रिकामे रिकामे वाटणारे. एकटेपणात मन रमावे एवढाच भेट देणाऱ्यांचा हेतू. बाईंनी कोळशाच्या खोलीची काळोखी खोली केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. पहिले चित्र गावातल्या एका शेतकऱ्याचे होते. काचेच्या ओल्या बाजूवरून हात फिरल्याने ते पुसले गेले! ही फजिती त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःच सांगितली आहे. २९ जानेवारी १८६४ रोजी अॅनी फिलपॉट या लहान मुलीचे छायाचित्र साधले, तेव्हा त्यांनी ते त्याच दिवशी छापून, चौकटीत घालून रात्री आठच्या आत मुलीच्या वडिलांना नेऊन दिले. आपले पहिले यश म्हणून त्यांनी त्यावर नोंद केली.

त्या काळची रीत समजून घेतल्याशिवाय या बाईंच्या चित्रांतील दोष समजणार नाहीत. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी काळोख्या खोलीत नेऊन चित्र उमटवायचे. हात थरथरला की थर ओघळतो, धूळ बसली की ठिपका उमटतो. त्यात बाईंच्या काचा मोठ्या आणि खोलीतला प्रकाश मंद; बसणाऱ्यास मिनिटचे मिनिट निश्चल राहावे लागे. मूल हलले की चेहरा धूसर होई. शिवाय भिंग जुळवताना चित्र डोळ्यांस सुंदर दिसू लागले की त्या तेथेच थांबत. आणखी स्पष्ट करण्याचा आग्रह त्यांना नव्हता.

येथेच वादाला तोंड फुटले. १८६४ साली त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या आणि प्रदर्शनांत चित्रे मांडू लागल्या. सोसायटीच्या नियतकालिकाने १८६५ साली त्यांच्या धाडसी कल्पकतेचे श्रेय दिले, पण छायाचित्रणाचे बाकी सारे गुण त्यापायी बळी दिले आहेत, असा ठपकाही ठेवला. लुईस कॅरल हे स्वतः उत्तम हौशी छायाचित्रकार. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रात थट्टा केली, की बाईंना आपले विषय अस्पष्ट टिपायचे आहेत आणि आपल्याला त्यांचे विषय स्पष्ट टिपायचे आहेत. टीकाकार खोटे बोलत होते असे मात्र नाही. रेघोट्या होत्या, बोटांचे ठसे होते, कडांवरचा थर निघालेला होता. त्यांनी दाखवलेला प्रत्येक दोष काचेवर खरोखरच होता. आमची तक्रार एवढीच, की ते काच पाहून थांबले.

बाईंना टीका नको होती असे कुणी समजू नये. ती त्यांनी आपणहून मागितली. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हे त्यांचे स्नेही आणि गुरुस्थानी. त्यांच्याकडे त्या छायाचित्रांच्या प्रती पाठवत. वॉट्स यांनी त्यांना कळवले, की पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, विक्रीस योग्य अशा किमती प्रती आपल्याला पाठवू नका. सदोष आणि सुट्या असतील त्या पाठवा. आपल्याला त्यांवरूनही तितकेच नीट पारखता येईल आणि तुमचे पैसे घेत असल्यासारखे वाटणार नाही. कॉफीच्या मळ्यांनी कॅमेरन कुटुंबाला कधीच स्थैर्य दिले नाही. चित्रे विकून चार पैसे मिळावेत ही बाईंची निकड होती. तेव्हा या सूचनेत जितका व्यवहार होता, तितकीच माया.

वॉट्स यांची टीका कशी असे? एकदा त्यांनी चेहऱ्यांची मनापासून स्तुती केली आणि लगेच सुचवले, की नातवाचे छायाचित्र पुन्हा घ्याल तर त्याला पिवळसर कापडाचा सदरा शिवा. पांढऱ्या कपड्याचा आकारहीन डाग सगळे चित्र बिघडवतो. कोलोडियन निळसर प्रकाशालाच संवेदनशील असते. पिवळा रंग त्यात गडद उतरतो, म्हणून त्या सदऱ्याच्या चुण्या दिसल्या असत्या. रेघोट्यांविषयी बोलत बसण्याऐवजी उद्याच्या सकाळी करता येईल अशी एक गोष्ट त्यांनी सांगितली.

हर्शेल यांचा वडीलकीचा स्वर निराळा. पोटॅशियम सायनाइड हे जहाल विष हातांवर सांडते हे कळल्यावर त्यांनी बाईंना काकुळतीने सावध केले. १८६६ मध्ये एका चित्रातील मुलीचे डोके कागदातून बाहेर हवेत येत आहे, इतके ते जिवंत आहे, असेही लिहिले. त्यापूर्वी, १८६४ च्या अखेरीस, कोणते 'फोकस' योग्य हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा सवाल बाईंनी त्यांनाच पत्रातून केला होता.

आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटतील ती त्यांची मरियामातेची चित्रे. कॅमेरनबाई अँग्लिकन, श्रद्धाळू. घरात कामाला असलेली फ्रेशवॉटरची मेरी हिलियर हिला त्यांनी इतक्या वेळा पवित्र मातेच्या रूपात बसवले, की ती 'मेरी मॅडोना' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. संत पौलाच्या गलतीकरांस पत्रातील पवित्र आत्म्याच्या फळांवर त्यांनी १८६४ साली नऊ चित्रांची मालिका केली आणि ती ब्रिटिश म्युझियमला भेट दिली. (आपल्या धर्मशिक्षणात आपण बारा फळे पाठ केली. नऊ हा मूळ ग्रीक पाठातील आकडा. बारा लॅटिन भाषांतरातून आले.) या चित्रांत बाळ कधी हललेले आहे, कधी कंटाळलेले. मातेच्या हातांकडे पाहावे तर ते राबणाऱ्या मुलीचे हात आहेत. ते कुणी गोरेगोमटे करून ठेवले असते तर नाझरेथच्या घरापासून आपण दूरच गेलो असतो, असे आम्हांस वाटते.

कथा एकसुरी होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की काही काचांवर बाईंनी स्वतःच ओरखडे काढून आकार उठावदार केले आहेत. आणि सोसायटीशी त्यांनी संबंध तोडला नाही. १८६९ साली त्यांच्या काचांवरील थराला जाळीदार तडे जाऊ लागले, तेव्हा उपाय विचारण्यास त्या याच टीकाकारांकडे गेल्या. दरम्यान बर्लिनच्या प्रदर्शनात १८६५ साली कांस्यपदक आणि १८६६ साली सुवर्णपदक त्यांना मिळाले होते.

१८७५ साली हे कुटुंब सिलोनला गेले. तेथील थोडीच चित्रे उरली आहेत; मळ्यांतील तामिळ मजूर त्यांत आहेत. समोर एवढे डोंगर असूनही निसर्गदृश्ये जवळजवळ नाहीतच. फ्रेशवॉटरच्या पांढऱ्या कड्यांकडेही या बाईंनी कधी फारसे भिंग वळवले नव्हते. त्यांना माणसांचे चेहरे हवे असत. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच त्यांचे निधन झाले.

१८६५ साली त्यांची छायाचित्रे विकत घेणारे साऊथ केन्सिंग्टन म्युझियम म्हणजेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तेथील साठाहून अधिक प्रती एके काळी वॉट्स यांच्याकडे होत्या, हे अलीकडच्या संशोधनात ध्यानी आले. मत मागण्यासाठी पाठवलेल्या प्रती त्यांत आहेत. कुठे थर फाटलेला, कुठे डाग पडलेला. त्यांतील काहींची दुसरी प्रत जगात कुठेही आढळलेली नाही.