घोड्याची लाथ आणि आंकड्यांची साक्ष

‘साहेबाच्या पुढून व घोड्याच्या मागून जाऊं नये,’ असें आपल्याकडे म्हणतात. उपदेश शहाणपणाचा खरा. परंतु तो वाटसरूच्या उपयोगी, मोतद्दाराच्या नव्हे. ज्यास रोज खरारा करावयाचा, खूर उचलून पाहावयाचे व ठाण झाडावयाचें, त्यास घोड्याच्या मागें गेल्यावांचून गत्यंतर नसतें. त्यास लाथ बसली म्हणजे ‘तो गाफील राहिला’ असें म्हणून जग मोकळें होतें. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याची परीक्षा करण्याजोगी एक नोंद जर्मनीच्या इतिहासांत आहे.

१८७५ ते १८९४ या वीस वर्षांत प्रशियाच्या चौदा सैन्यविभागांत घोड्यांच्या लाथांनीं १९६ माणसें दगावलीं. लाडिस्लाउस बोर्टकीविच या संख्याशास्त्रज्ञानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या जर्मन पुस्तिकेंत त्यांचा हिशेब मांडला. निराळ्या रचनेचे चार विभाग वगळतां दहा उरले; त्यांच्या वीस वर्षांच्या मिळून २०० वार्षिक नोंदी झाल्या व मृत्यु १२२. पैकीं १०९ नोंदींत एकहि मृत्यु नाहीं; ६५ नोंदींत एक, २२ नोंदींत दोन, ३ नोंदींत तीन व एका नोंदींत चार. प्वासाँ या फ्रेंच गणित्यानें १८३७ मध्यें दिलेल्या सूत्राप्रमाणें, मृत्यु केवळ यदृच्छेनें घडत असते तर, याच पांच ठिकाणीं सुमारें १०९, ६६, २०, ४ व १ हे आंकडे आले असते!

म्हणजे ज्या विभागांत एका वर्षीं चौघे दगावले, तेथील शिपाई इतरांहून बेफिकीर होते, असें त्या एका आंकड्यावरून म्हणतां येत नाहीं. परंतु यदृच्छा म्हणजे प्रारब्धहि नव्हे. लाथ कोणास व केव्हां बसेल हें सांगतां येत नसलें, तरी एकंदर किती बसतील हें पुष्कळ अंशीं कामाच्या व्यवस्थेवर अवलंबून असतें. अरुंद ठाण, एकट्यावर टाकलेलें काम, वरिष्ठांची घाई, अननुभवी हातीं दिलेलें तापट जनावर, हीं कारणें दूर केलीं तर सरासरीच खालीं येईल.

वर्गांत हें उदाहरण सांगतांना सूत्र जुळल्याचा आनंद विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर उमटतो. त्या वेळीं त्यांस आठवण द्यावी लागते कीं, तक्त्यांतील प्रत्येक ‘एक’ हा कोणा घरचा कर्ता मुलगा होता. मेलेल्यास दोष देण्यापूर्वीं ठाणाची रुंदी मोजावी, हा त्या तक्त्याचा खरा बोध होय.