गेंदखान्याची जमीन

‘गेंद’ म्हणजे चेंडू आणि ‘खाना’ म्हणजे जागा. ‘गेंदखाना’ इंग्रजांच्या तोंडी गेला आणि त्याचा ‘जिमखाना’ झाला, असे सांगतात. वर्गात मी हा शब्द फोड करून शिकवतो. एकदा एका मुलाने विचारले, ‘सर, चेंडू त्यांचा, खेळ त्यांचा, मग जमीन कुणाची?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला मुंबईचा इतिहास उघडावा लागला.

1875 साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. शहराच्या मोक्याच्या मैदानावर, आणि फक्त गोऱ्यांसाठी. त्याच परिसरात पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. जिमखान्याचे साहेब तिथे पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली आणि चेंडू कसाही उसळू लागला. देशी खेळाडूंनी गव्हर्नरकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकिगत 1897 साली पुस्तकरूपाने छापली. मैदान सर्वांचे होते. पण त्यावर क्रिकेट खेळायचे की पोलो, हे ठरवणारी सही सरकारची होती.

पुढे लॉर्ड हॅरिस गव्हर्नर झाले (1890 ते 1895). त्यांच्या काळापर्यंत केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हलगत, पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना शेजारी शेजारी भूखंड मिळाले. इस्लाम जिमखान्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. एकच मोठे मैदान सर्वांना देण्याऐवजी सरकारने जमातवार तुकडे दिले. संघही जमातवार होतेच. या वाटणीने ती चौकट पक्की झाली. 1912 साली मुस्लिम संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली, 1937 साली ती पंचरंगी झाली. गांधीजींनी 1940 साली अशा सामन्यांना विरोध केला. 1946 नंतर ती स्पर्धा बंद पडली. स्पर्धा गेली, भूखंड मात्र राहिले.

आज त्या जुन्या भूखंडांची किंमत सोन्याहून जास्त आहे. महालक्ष्मी रेसकोर्सचेच पाहा. सुमारे 211 एकर जमीन, काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. क्लबचा भाडेपट्टा 2013 साली संपला. 2024 साली मंत्रिमंडळाने 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान करण्यास आणि उरलेले 91 एकर क्लबला पुन्हा भाड्याने देण्यास मंजुरी दिली. कुणी म्हणाले, जनतेला बाग मिळाली. कुणी म्हणाले, आज बाग आणि उद्या इमारत. दोघांचेही लक्ष एकाच गोष्टीवर हवे: कागदावर जमिनीचा वापर काय लिहिला आहे?

कारण जमीन हातातून जाते ती आधी कागदावर. शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक तुकड्यापुढे त्याचा वापर लिहिलेला असतो: खेळाचे मैदान, उद्यान, निवासी, व्यापारी. तो बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 आहे. त्यानुसार फेरबदलाची सूचना प्रसिद्ध होते, ठरावीक मुदतीत लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग राज्य सरकार मंजुरी देते. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. आपण त्या पानावर पुरीभाजी खातो आणि मुदत निघून जाते.

क्लबचे सभासद आपल्या सवलतींसाठी वकील लावतात, बिल्डर आपल्या नफ्यासाठी. भिंतीबाहेर रस्त्यावर विटांचे स्टंप मांडून खेळणाऱ्या पोरांच्या वतीने कोण लिहिणार? आपल्या जमातीचा क्लब असो की दुसऱ्याची, सरकारी जमीन ही अमानत आहे. सभासदांच्या मुलांच्या लग्नाच्या मांडवाइतकाच तिच्यावर त्या पोरांच्या चेंडूचा हक्क आहे.

अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत तिचा अर्थ आक्षेप झाला. पोलोविरुद्ध अर्ज करणाऱ्यांनी दोन्ही अर्थांनी हरकत केली होती. त्या मुलाला मी उत्तर दिले, ‘बाळा, जमीन तुझी.’ आणि दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला अर्जलेखनासाठी विषय दिला: आमच्या मोहल्ल्यातील मैदान मैदानच राहावे, याबाबत.