बालदंतोपचार, रुग्णालयीन (वडसा–देसाईगंज परिसर)

मुलांच्या दातांचे जे उपचार दवाखान्यातल्या खुर्चीवर, जागेपुरती भूल देऊन निभत नाहीत, ते बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयात करणे. लहान वयात एकदम अनेक दाढा किडणे, दातातला पू जबड्याखाली उतरणे, जन्मजात हृदयविकार, बौद्धिक अपंगत्व व रक्ताचे आजार ही मुख्य कारणे.

स्थान व सोय : वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज तालुक्याचे ठिकाण वैनगंगेकाठी, गोंदिया–चांदाफोर्ट रेल्वेमार्गावर आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय सुमारे ५० किमीवर गडचिरोलीत. विदर्भातील गुंतागुंतीच्या बालरुग्णांसाठी मोठा शासकीय आधार म्हणजे नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९६८).

तपासणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा ० ते १८ वयोगटातील मुले तपासतात. तपासणीच्या यादीत दंतक्षय आणि दुभंगलेले ओठ-टाळू दोन्ही आहेत. किडलेली दाढ शाळेत सापडते. पुढे मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून मुलाला कोण नेणार, यावर उपचार अडतो. दुधाचे दात पडणारच, या समजुतीनेही वेळ जातो. वास्तविक दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.

सिकलसेल आणि दात : या भागात सर्वाधिक दक्षता सिकलसेल असलेल्या मुलांबाबत हवी. सिकलसेलग्रस्त मुलाच्या शरीरात पाणी किंवा प्राणवायू कमी पडला, अंग गार पडले किंवा जंतुसंसर्ग झाला, की तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेऊन रक्तवाहिन्या अडवतात. म्हणून पूर्ण भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवण्याचा काळ आटोक्यात ठेवतात, शिरेतून द्रव देतात, प्राणवायूची पातळी सतत पाहतात आणि अंग उबदार ठेवतात. नंतरही मूल निरीक्षणाखाली असावे. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त सरसकट द्यावे की निवडक रुग्णांनाच, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. या आजारात जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा अडूनही दाढदुखीसारखी कळ येते. अशा वेळी निरोगी दाढ काढली जाण्याचा धोका असतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

खर्रा, गुडाखू : तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा आणि दातांना लावण्याची तंबाखूयुक्त गुडाखू या भागात मुलांपर्यंतही पोचतात. तोंड कमी उघडणे हे सुपारीने होणाऱ्या व्याधीचे लक्षण असते आणि भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे त्याने अवघड होते. म्हणून किशोरवयीन रुग्णाला ही सवय विचारलीच पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून तंबाखू व दारूविरोधी मुक्तिपथ अभियान चालू आहे.

फ्लोराइड : शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात मर्यादेबाहेर, दातांवर पांढरे-तपकिरी डाग.

भूल टाळणारे उपाय : ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावल्याने अनेक दातांतील कीड थांबते, पण किडलेला भाग काळा पडतो. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरणे विजेविना, शाळेतही जमते.

खाजगी दवाखाने : वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली.

सूचना : गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, सिकलसेल तपासणीचे कार्ड असल्यास सोबत घ्यावे.