पाणी आलं, पण जायला वाट कुठे?

उत्तर अमेरिकेत हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या मातीतून बऱ्याच ठिकाणी पाणी आपोआप निचरतं. आपल्या पुणे जिल्ह्यात बेसॉल्टची काळी माती. ती पाणी धरून ठेवते. पावसावरच्या ज्वारीला हे वरदानच होतं.

मग 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला. पाठोपाठ ऊस आला, बारमाही पाणी आलं. ते जमिनीखाली साठत वर चढलं. ऊन लागून पाणी उडालं, क्षार मागे राहिले. बारामतीकडची सोन्यासारखी रानं चिबड, क्षारपड झाली.

1916 मध्ये मुंबई सरकारने सिंचनासाठी खास विभाग काढला. आजची खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस त्यातूनच उभी राहिली. तिथले इंजिनिअर क्लॉड इंग्लिस यांनी निचऱ्यावर काम केलं. उपाय म्हणजे चर. तो काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत पोचला, की पाण्याला वाट मिळते.

म्हणजे बघा, कालवा काढताना येणारं पाणी मोजलं, जाणाऱ्याचा हिशेब राहिला. कोड लिहिताना मीही हेच करतो, पण मला रिस्टार्ट मारता येतं. क्षारपड रानाला ते बटण नाही. भेटू पुढच्या भागात!