सिद्धवस्तुकला

दैनंदिन वापरासाठी तयार झालेली किंवा वापरून टाकून दिलेली वस्तू प्रत्यक्ष उचलून, तिच्यात थोडा बदल करून वा मुळीच न करता, तिलाच कलाकृतीचे रूप देण्याच्या पद्धतीस सिद्धवस्तुकला असे म्हणता येईल. चित्रकार एरवी रंगांतून वस्तूचा आभास निर्माण करतो. येथे वस्तू स्वतःच चित्रात किंवा शिल्पात येऊन बसते. साहजिकच तिच्याबरोबर तिचा पूर्वेतिहासही येतो : ती कोणी घडविली, कोणी वापरली, किती झिजली आणि का फेकली गेली. हा इतिहास कलावंत कसा हाताळतो, यावर कृतीचे यश बव्हंशी अवलंबून असते. या कलेच्या आद्य कृतींपैकी बऱ्याचशा कृती केरकचरा समजून फेकल्या गेल्या, मोडल्या वा जळून गेल्या, हेही तिचे एक वैशिष्ट्यच मानावे लागते. कलाकृती आणि अडगळ यांमधील सीमारेषा कोणी आखावयाची, हा प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उद्‌भवला आहे.

जुन्यातून नवे करण्याची रीत अर्थातच पुरातन आहे. जीर्ण लुगडी व धोतरे यांच्या थरांवर दोरे घालून शिवलेली महाराष्ट्रातील गोधडी हे तिचे घरोघरी आढळणारे उदाहरण. मात्र गोधडीत कापडाचा उपयोग संपत नाही, तो केवळ बदलतो. बार्सेलोना येथील ग्वेल उद्यानातील (१९००–१४) नागमोडी बाकावर आंतोनी गौदी (१८५२–१९२६) व त्याचा सहकारी झुझेप मारिया झुझोल (१८७९–१९४९) यांनी फुटक्या फरश्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसविले, ते याच लोकरीतीच्या जवळचे होते. वस्तूचा उपयोग थांबवून तिला केवळ पाहण्याचा विषय करणे ही विसाव्या शतकातील घटना होय.

तिचा आरंभ सामान्यतः १९१२ हा मानतात. त्या वर्षी पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) याने एका लहान लंबगोलाकार स्थिरचित्रात वेताच्या विणीचा छाप असलेल्या मेणकापडाचा तुकडा चिकटविला आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. मेणकापडावरील वीण हाताने रंगविलेली नव्हती. पण ती खरी वीणही नव्हती, कारखान्यात छापलेली नक्कल होती. खरे काय आणि आभास कोणता, हा चित्रकलेतील जुना प्रश्न या स्वस्त कापडाने एका फटक्यात उलटा केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात झॉर्झ ब्राक (१८८२–१९६३) याने लाकडाच्या रेषांचा छाप असलेला भिंतीचा कागद कापून चित्रात वापरला. कोलाज म्हणजेच चिक्कणितचित्र या प्रकाराचा उगम येथे आहे.

मार्सेल द्यूशाँ (१८८७–१९६८) याची वाट वेगळी होती. पिकासो व ब्राक यांनी वस्तूला चित्रात सामावून घेतले. द्यूशाँने चित्रच बाजूला ठेवले. १९१३ मध्ये पॅरिस येथील आपल्या चित्रशाळेत त्याने स्वयंपाकघरातील एका तिवईवर सायकलचे चाक उलटे बसविले. पुढील वर्षी बाजारातून बाटल्या वाळविण्याचा लोखंडी सांगाडा विकत आणला आणि तसाच ठेवला. १९१५ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने अशा वस्तूंसाठी ‘रेडीमेड’ ही संज्ञा योजली आणि बर्फ उपसण्याच्या एका फावड्यावर शीर्षक व सही घातली. जानेवारी १९१६ मध्ये त्याने पॅरिसमधील आपल्या बहिणीस पत्र लिहून तो बाटल्यांचा सांगाडा आपल्या वतीने स्वाक्षरित करण्यास सांगितले. परंतु चित्रशाळा आवरताना तिने चाक व सांगाडा दोन्ही आधीच फेकून दिले होते. तिला दोष देण्याचे कारण नाही. सही होईपर्यंत त्या सांगाड्यात आणि पॅरिसच्या कोणत्याही तळघरातील सांगाड्यात काहीच फरक नव्हता. नंतरही डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नसताच.

१९१७ मधील ‘फाउंटन’ या कृतीने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलावंत संस्थेने त्या वर्षी परीक्षक-मंडळ नसलेले प्रदर्शन जाहीर केले होते. सहा डॉलर भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडण्याचे वचन दिलेले होते. आर. मट या नावाची सही असलेले, पुरुषांच्या मुतारीतील चिनी मातीचे भांडे तेथे दाखल झाले. शुल्क भरलेले असूनही ते मांडले गेले नाही. स्वतः संस्थेच्या संचालक-मंडळात असलेल्या द्यूशाँने राजीनामा दिला. छायाचित्रकार ॲल्फ्रेड स्टीग्लिट्स (१८६४–१९४६) याने भांड्याचे छायाचित्र घेतले आणि त्यानंतर मूळ वस्तू नाहीशी झाली. तिच्या कर्तृत्वाचे श्रेय एल्सा फोन फ्रायटाग-लोरिंगहोफेन या कवयित्रीकडे जाते, असेही मत अलीकडे काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते सर्वमान्य झालेले नाही. आज निरनिराळ्या संग्रहालयांत दिसणारी बहुतेक भांडी १९६४ मध्ये द्यूशाँच्या संमतीने मुद्दाम करवून घेतलेल्या प्रतिकृती होत. कारखान्यातील तयार वस्तूची हाताने घडविलेली आणि मोजक्याच संख्येची आवृत्ती निघावी, हा विपर्यास खुद्द द्यूशाँला न कळण्यासारखा नव्हता.

द्यूशाँच्या निवडीत अलिप्तता होती, तर जर्मनीतील हानोव्हरच्या कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८) याच्या कामात कचऱ्याविषयी माया होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या मोडकळीला आलेल्या जर्मनीत त्याने ट्रामची तिकिटे, वेष्टने, तारा, फळकुटे, बटणे यांतून चित्रे रचली. एका बँकेच्या जाहिरातीतील ‘कोमेर्त्स’ या शब्दाचा फाटून उरलेला ‘मेर्त्स’ हा तुकडा त्याने आपल्या सर्व निर्मितीचे नाव म्हणून घेतला. राहत्या घरात त्याने वर्षानुवर्षे वाढवीत नेलेली ‘मेर्त्सबाऊ’ ही रचना कित्येक खोल्यांत पसरली होती. नाझी राजवटीने १९३७ मध्ये म्यूनिक येथे भरविलेल्या ‘अधःपतित कले’च्या प्रदर्शनात त्याची चित्रे कुचेष्टेसाठी टांगली, त्याच वर्षी तो नॉर्वेत गेला आणि १९४० मध्ये तेथून इंग्लंडला. हानोव्हरचे घर १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात नष्ट झाले. नॉर्वेतील दुसरी रचना १९५१ मध्ये जळाली. इंग्लंडमधील एल्टरवॉटर येथे एका कोठाराच्या भिंतीवर आरंभलेली तिसरी रचना त्याच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली. ती भिंत १९६५ मध्ये उचलून न्यूकॅसल येथे नेण्यात आली. तीन देशांतील तीन प्रयत्नांपैकी हाती उरली ती एवढी एक भिंत.

या कलेच्या इतिहासात सायकल वारंवार भेटते, हे नवल नव्हे. ती सर्वत्र आढळते, सुटी होते आणि तिचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ओळखू येतो. पिकासोने १९४२ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, सायकलची बैठक व हँडल एकमेकांस जोडून बैलाचे मस्तक केले. दोनच भाग, एकच जोड. तरी पाहणाऱ्यास बैल आणि सायकल आळीपाळीने दिसत राहतात. एखाद्या दिवशी हे मस्तक उकिरड्यावर जावे आणि कोणा वाटसरूला त्यात पुन्हा सायकलचे हँडल सापडावे, अशी इच्छा त्याने बोलून दाखविली होती. पुढे त्याचा ब्राँझचा ओतीव साचा झाला. त्यात बैल टिकला, सायकल मात्र पुष्कळशी हरवली.

अभिकल्पकांनी, म्हणजे उपयुक्त वस्तू योजणाऱ्यांनी, हीच युक्ती उलट दिशेने वापरली. इटलीतील आकील्ले कास्तिल्योनी (१९१८–२००२) व प्येर जाकोमो कास्तिल्योनी (१९१३–६८) या बंधूंनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरची पत्र्याची बैठक एका पोलादी पट्टीवर बसवून ‘मेझ्झाद्रो’ हे आसन आणि सायकलच्या बैठकीपासून ‘सेल्ला’ हे आसन तयार केले. १९६२ च्या ‘तोयो’ या उभ्या दिव्यात त्यांनी मोटारीचा पुढचा दिवा वापरला. ‘मेझ्झाद्रो’चे कारखान्यातील उत्पादन १९७१ मध्ये सुरू होऊ शकले. यांच्या कामात वस्तू निरुपयोगी होत नाही, फक्त शेतातून दिवाणखान्यात येते. नेदरलँड्समधील तेयो रेमी याने १९९१ मध्ये निरनिराळ्या टाकाऊ कपाटांचे खण एका पट्ट्याने आवळून केलेली रचना याच परंपरेतील होय. अमेरिकेत रॉबर्ट राउशनबर्ग (१९२५–२००८) याने अंथरूण, पेंढा भरलेली बोकडाची आकृती, मोटारीचे टायर अशा वस्तू रंगचित्राशी जोडल्या. घानामध्ये जन्मलेल्या व नायजेरियात काम केलेल्या एल अनात्सुई (ज. १९४४) याने दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची हजारो झाकणे चेपून व तांब्याच्या तारेने ओवून भिंतभर वस्त्रे रचली. दुरून ती भरजरी दिसतात. जवळ गेल्यावर मद्यांची नावे वाचता येतात, आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत आणलेल्या दारूचा व त्याबरोबरच्या गुलामांच्या व्यापाराचा संदर्भ जागा होतो.

भारतात या कलेचे सर्वांत मोठे उदाहरण कलाविद्यालयांच्या बाहेर निर्माण झाले. नेकचंद सैनी (१९२४–२०१५) हे आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातील. फाळणीनंतर ते भारतात आले आणि चंडीगढच्या बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक झाले. ल कॉर्ब्यूझ्ये याच्या आराखड्यानुसार हे नवे शहर उभे करण्यासाठी तेथील जुनी खेडी उठविण्यात आली होती. त्या पाडलेल्या घरांतील खापऱ्या, फुटक्या बांगड्या, कपबशा, विजेची बटणे, डांबराची पिंपे, सायकलींचे सांगाडे हे सर्व १९५८ च्या सुमारापासून नेकचंद सायकलवरून वाहून नेऊ लागले. सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलातील एका घळीत, दिवसाची नोकरी आटोपल्यावर, ते एकटेच माणसे, माकडे, मोर व नर्तकी घडवीत राहिले. सायकलचा सांगाडा हाडांच्या जागी, वर सिमेंटचे शरीर आणि त्यावर बांगड्यांचे वस्त्र, अशी त्यांची कृती. जागा सरकारी, बांधकाम बेकायदा. उघडकीस आले असते तर नोकरी जाण्याची आणि सारे काही जमीनदोस्त होण्याची शक्यता होती. म्हणून हे काम कित्येक वर्षे गुप्त राहिले.

१९७० नंतरच्या काही वर्षांत जंगल साफ करताना सरकारी माणसांना ते दिसले, तेव्हा सुमारे १२ एकरांवर शेकडो आकृती उभ्या होत्या. नियमाप्रमाणे त्या पाडावयास हव्या होत्या. मात्र काही अधिकाऱ्यांनी जाणतेपणा दाखविला. लोकांनीही त्यांना उचलून धरले. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुले झाले. नेकचंद यांना बागेचे उपविभागीय अभियंता करण्यात आले, वेतन आणि ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. कचऱ्याचा कारागीर नोकरशाहीत बसविण्यासाठी त्याला अभियंता म्हणावे लागले, यात त्या काळच्या शासनाची अडचण आणि औदार्य दोन्ही दिसतात. सरळ रेषांच्या, आखीव नियोजित शहराच्या उशाला, त्याच शहराने पुसलेल्या खेड्यांचे अवशेष अशा रीतीने एका वाकड्यातिकड्या नगरीत पुन्हा नांदू लागले. नेकचंद यांच्या कामाचे मोल सजावटीपेक्षा यात अधिक आहे.

मुंबईच्या संदर्भात दोन नावे नमूद करावयास हवीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनाम माणसाचे वृत्तपत्रीय छायाचित्र घेऊन विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी १९९३ मध्ये ‘मेमोरियल’ ही मांडणी केली. तीत पत्र्याच्या ट्रंकांची कमान उभारलेली आहे. गावाहून शहरात येणाऱ्याच्या हातात जी ट्रंक असते, तीच येथे त्याच्या स्मारकाचे दगड होते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, घाटकोपरचे अतुल दोडिया (ज. १९५९) यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रे रंगविली. ती २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयातही मांडली गेली. शटर खाली असता एक चित्र दिसते, वर सरकविले की आतले दुसरे. एका शटरवर महालक्ष्मी आहे आणि आत गळफास घेतलेल्या बहिणी. दंगलीच्या दिवसांत खाडकन ओढली जाणारी शटरे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना यातील धातूचा आवाजही अर्थपूर्ण वाटेल. प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांच्या चित्रांतही पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तू आहेत आणि ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी वस्तूकडे पाहण्याच्या रीतीविषयी मराठीत दुर्मिळ असे चिंतन केले आहे. परंतु त्यांच्याकडे येते ती वस्तूची प्रतिमा, प्रत्यक्ष वस्तू नव्हे, म्हणून ते या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात. सुबोध गुप्ता (ज. १९६४) यांनी स्टीलच्या भांड्यांचे प्रचंड पुंज रचून जागतिक कीर्ती मिळविली. त्यांतील वापरलेल्या भांड्यांच्या रचना बोलक्या आहेत. तीच वस्तू ब्राँझमध्ये ओतली की ती केवळ चकाकते.

जतनाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे १९७३ मध्ये योझेफ बॉइस (१९२१–८६) याची चिकटपट्ट्या लावलेली न्हाणी एका समारंभाच्या वेळी घासूनपुसून पेले धुण्यासाठी वापरली गेली आणि पुढे नुकसानभरपाई द्यावी लागली. चंडीगढ येथे १९९० मध्ये रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून बाग वाचविली. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना बागेवरील कर्मचारी काढून घेण्यात आले आणि अनेक मूर्तींची मोडतोड झाली. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२५ च्या आरंभी, उच्च न्यायालयालगतच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला.